तुमच्या पेशी कुठे बसल्या होत्या?

ह्या वेळी दुसऱ्या कुणाचा पेपर हातात घेण्याआधी स्वतःचंच काम घेतो. उल्हासनगरला एमएस्सी करताना मी एक प्रकल्प केला होता. विषय तुम्हाला ऐकून ऐकून पाठ झाला असेल: अमुक वनस्पतीच्या पानांचा मेथनॉल अर्क तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींना मारतो का? अर्क काढला, पेशींवर टाकला, ४८ तासांनी एमटीटी चाचणी केली. जांभळा रंग फिका पडत गेला, आलेख छान उतरत गेला, निम्म्या पेशी मारणारी मात्रा म्हणजे आयसी-५० निघाली. शेवटी लिहिलं, हा अर्क मुखकर्करोगावर संभाव्य औषध ठरू शकतो. गुण चांगले मिळाले. मी तो शेवटचा परिच्छेद मोठ्या हौसेने व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका मित्राचा फोन. बदलापूरला आमच्याच चाळीत वाढलेला, तेव्हा उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला होता. "अरे, ते औषध मला मिळेल का?" मला वाटलं चेष्टा करतोय. संध्याकाळी अंबरनाथ स्टेशनबाहेर भेटलो, वडापाव घेतले, तर हा पठ्ठ्या वडापाव आधी तळहाताने दाबून चपटा करत होता. मग त्याने तोंड उघडून दाखवलं. बोटं उभी धरून मोजली तर जेमतेम दोन मावत होती. तुमची सहज तीन मावतील, आत्ता करून बघा. आठवीपासून सुपारीच्या पुड्या, पुढे गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ती त्याच्या गालापर्यंत काही पोचली नव्हती.

मी घरी येऊन प्रबंध परत उघडला. 'तोंडाचा कॅन्सर' हा शब्द पानोपानी होता. पण तोंड कुठेच नव्हतं.

माझ्या मित्राला जे झालं होतं त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये असा विकार नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून सबम्युकस फायब्रोसिस हे नाव वापरलं. म्हणजे हा आपल्याच गावचा आजार आहे म्हणा ना. आणि संशोधनासाठी तो फार बोलका आहे, कारण ह्यात बिघाड जितका पेशीत दिसतो त्याहून जास्त पेशीच्या अंथरुणात दिसतो. गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजेनचं जाळं असतं, ते फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी विणतात आणि जुनं झालेलं मोडूनही टाकतात. सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन ह्या फायब्रोब्लास्टना जास्त विणायला लावतं. सुपारीत तांबं भरपूर असतं, आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचं जे एन्झाइम कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांत पक्कं टाचतं त्याला तांबंच लागतं. शिवाय सुपारीतली टॅनिनं ते धागे असे काही पक्के करतात की ते मोडणाऱ्या एन्झाइमला दाद देत नाहीत. विणणं वाढलं, टाचणं वाढलं, उसवणं थांबलं. गाल आतून पुठ्ठ्यासारखा होतो.

ह्या पुठ्ठ्यावर बसलेल्या अस्तराच्या पेशींचं पुढे काय होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. १९८५ साली त्यांनी लिहिलं, त्यांपैकी पाच जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. आकडा लहान गटाचा आहे, तो सगळ्या देशाला चिकटवू नका. (चिकटवलेला दिसेल तुम्हाला. जवळजवळ प्रत्येक प्रस्तावनेत.)

आता माझ्या प्लेटकडे या. ९६ खळग्यांची पॉलिस्टायरीनची प्लेट. माझ्या पेशी तिच्या तळाला चिकटून, चपट्या पसरून, एकेरी थरात बसलेल्या. पॉलिस्टायरीनचा कडकपणा साधारण तीन अब्ज पास्कल. मऊ ऊतींचा काही शे ते काही हजार पास्कल. म्हणजे लाखो पट फरक. पेशी जमीन चाचपडून बघतात. इंटेग्रिन नावाच्या रेणूंनी त्या खालचा पृष्ठभाग धरतात, ओढून बघतात, आणि तो किती दाद देतो त्यावरून वाढायचं, सरकायचं की मरायचं ह्याचे निर्णय बदलतात. आजूबाजूला फायब्रोब्लास्ट नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, रक्तवाहिनी नाही. ऑक्सिजन भरपूर, साखर भरपूर. आपण वापरतो त्या जास्त ग्लुकोजच्या डीएमईएममध्ये रक्तातल्यापेक्षा साधारण पाच पट ग्लुकोज असतं. माझ्या पेशी रोज लग्नाच्या पंगतीत बसत होत्या आणि मी त्यांना विचारत होतो की उपवास झेपतो का.

एक गोष्ट आणखी लाजिरवाणी. तोंडाच्या कॅन्सरसाठी आपण सर्रास वापरतो त्या सीएएल-२७ आणि एससीसी-२५ ह्या सेल लाइन जिभेच्या कॅन्सरपासून बनवलेल्या, त्याही परदेशी रुग्णांच्या. आपल्याकडे सुपारी-तंबाखूने होणारा कॅन्सर मुख्यतः गाल आणि हिरडीच्या सांध्याचा. माझ्या मित्राचा गाल कुठे आणि त्या कुणा परक्याची जीभ कुठे! पेशी मूळची कुठल्या मातीत वाढली हाही परिसराचाच भाग आहे, आणि तो आपण साहित्य-पद्धती विभागात अर्ध्या ओळीत उरकतो.

बरं, एमटीटीबद्दल बोलतोच आहे तर हेही सांगतो. ती चाचणी पेशी मेल्या की नाही हे मोजत नाही. पिवळ्या मिठाचं जांभळ्या फॉर्मझॅनमध्ये रूपांतर किती झालं ते मोजते, म्हणजे पेशीचा चयापचय. पेशी नुसती मंदावली तरी रंग फिका येतो. उलट वनस्पतींतली पॉलिफेनॉलं पेशीशिवायसुद्धा एमटीटीचा रंग जांभळा करू शकतात. अर्क आहे पण पेशी नाहीत असा एक खळगा ठेवला होता का, हे मला तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. मी ठेवला नव्हता.

तुम्ही म्हणाल, परिसर महत्त्वाचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे, 'ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट' तर पहिल्या सेमिस्टरपासून आहे. माझी खरी तक्रार तिथेच आहे. हा शब्द आपल्याकडे प्रस्तावनेतला गणपती झाला आहे. पहिल्या पानावर त्याची स्थापना करायची, स्टीफन पॅजेटचं नाव घ्यायचं, १८८९, बीज आणि माती, आणि पद्धतीच्या विभागात शिरण्याआधी विसर्जन. पॅजेटने काय केलं होतं हेही किती जण वाचतात? त्याने स्तनाच्या कॅन्सरने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि पाहिलं की गाठी वाटेल तिथे पसरत नाहीत, यकृतात फार आणि प्लीहेत फार कमी. रक्त दोन्हीकडे जातं, तरी. म्हणून माती. ती एका विशिष्ट निरीक्षणातून निघालेली गोष्ट होती. आपण ती सुभाषितासारखी वापरतो.

माती म्हणजे नक्की काय, हा प्रश्न प्रयोगाने विचारणारी कामं वाचा. मला सगळ्यात आवडतं ते डोलबर्ग आणि मिना बिसेल यांचं १९८४ चं. राउस सार्कोमा विषाणू कोंबडीला टोचला की टोचल्या जागी गाठ येते, हे तेव्हा सत्तर वर्षांपासून माहीत होतं. त्यांनी तोच विषाणू अंड्यातल्या कोवळ्या गर्भाला टोचला. कॅन्सरचा जनुक पेशींत शिरला, कामही करत होता, पण गाठ आली नाही. मग त्याच पेशी सुट्या करून काचेच्या तबकडीत वाढवल्या, तर त्या कॅन्सरच्या पेशींसारख्या वागू लागल्या. जनुक तोच, पेशी त्याच, फक्त जागा बदलली. हा पेपर वाचल्यावर माझ्या पॉलिस्टायरीनच्या प्लेटकडे मी पहिल्यांदा संशयाने पाहिलं. ती मला तोवर रिकामी जागा वाटत होती. तीही एक परिसरच होती, आणि बरीच विचित्र.

औषधाचं उदाहरण हवं असेल तर २०१७ सालचं घ्या. कँटर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तद्रवात जे घटक ज्या प्रमाणात असतात तसं माध्यम तयार केलं आणि रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी त्यात वाढवल्या. त्या ५-फ्लुरोयुरासिल ह्या औषधाला नेहमीच्या माध्यमातल्यापेक्षा कमी दाद देऊ लागल्या. कारण शोधलं तर निघालं यूरिक अ‍ॅसिड. माणसाच्या रक्तात ते भरपूर असतं, नेहमीच्या माध्यमात नसतंच. ते पेशीतल्या एका एन्झाइमला अडवतं आणि ते औषध कामाला लावण्याची वाटच अरुंद होते. उंदरात ते मोडणारं एन्झाइम असल्यामुळे तिथेही ते फारच कमी. म्हणजे प्लेटही फसवणार आणि उंदीरही. हेच औषध डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्येही देतात. पण रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवरचा निष्कर्ष गालाच्या पेशींना परस्पर लावू नका, नाहीतर मी केलेली चूक तुम्ही दुसऱ्या दाराने कराल.

आता दुसरी चूक, जी जरा हुशार विद्यार्थी करतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही केली. परिसराचं महत्त्व पटलं की आपण त्याला खलनायक करून टाकतो. मी तेव्हा सगळ्यांना लोकलचं उदाहरण द्यायचो: माणूस घरी सज्जन असतो, पण सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये दारात उभा राहिला की अंबरनाथला चढणाऱ्याला आत येऊ देत नाही. पेशीही तशीच, गर्दी तिला बिघडवते. टाळ्या मिळायच्या. पण उदाहरण अर्धं खोटं आहे. प्रवासी डबा बदलू शकत नाही, पेशी बदलते, स्वतःभोवतीचं कोलॅजेन ती कापते, ओढते, शेजारच्या फायब्रोब्लास्टना कामाला लावते. आणि तीच गर्दी दारात लटकलेल्याला पडूही देत नाही.

ही शेवटची गोष्ट स्वादुपिंडाच्या कॅन्सरने फार महागात शिकवली. तिथे गाठीभोवती तंतूंचा इतका दाट थर असतो की औषध आत पोचत नाही असं वाटत होतं. २००९ साली उंदरांत हेजहॉग नावाचा संदेशमार्ग अडवून हा थर विरळ केला, जेमसायटाबिन आत पोचलं, उंदीर जास्त जगले. सगळे खूश. तसंच औषध माणसांना दिलं, आणि २०१२ साली चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या रुग्णांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती. २०१४ च्या दोन अभ्यासांनी दाखवलं की उंदरांत तो थर काढून टाकला तर गाठ उलट जास्त आक्रमक होते. भिंत औषधाला अडवत होती, तशी कॅन्सरलाही.

आणि मग आपल्याच घरचा पुरावा. टाटा मेमोरियलच्या पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तोंडाच्या कॅन्सरचे दोन गट ताडून पाहिले: सबम्युकस फायब्रोसिसच्या पार्श्वभूमीवर झालेले आणि तसे नसलेले. पहिल्या गटातले रुग्ण तरुण होते, बहुतेक पुरुष. पण त्यांच्या गाठींची लक्षणं मात्र तुलनेने बरी होती, मानेच्या गाठींपर्यंत प्रसार कमी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर उलटा धरलाय का असं वाटलं. ज्या पुठ्ठ्याने कॅन्सरला जन्म दिला त्यानेच त्याचं पसरणं रोखलं की काय? एक अंदाज असा की तंतूंनी दाटलेल्या त्या भागात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या कमी उरतात, म्हणून बाहेर जायच्या वाटा कमी. पण तो अंदाज आहे, आणि तुलना रुग्णांच्या नोंदींवरची आहे. तरुण असणं, तोंड उघडेना म्हणून डॉक्टरकडे लवकर जाणं, ह्यांचाही हात असू शकतो. हे सोडवायला प्रयोग लागेल, ज्यात तंतू कमी-जास्त करता येतील आणि बाकी सगळं तसंच ठेवता येईल. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

परिसरावरचं प्रत्येक काम प्रयोगशाळेतच अडकलेलं असतं असंही नाही. टाटा मेमोरियलच्याच राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. देशातली ११ केंद्रं, स्तनाच्या कॅन्सरच्या १,५८३ रुग्ण. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, दात काढताना हिरडीत टोचतात त्याच जातीचं. पाच वर्षांनी रोगमुक्त असण्याचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के, जिवंत असण्याचं ८६.४ वरून ९०.१. इतक्या स्वस्त औषधाने. मला ह्या कामाचा अभिमान वाटतो, तरी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे फरक लिडोकेनचा की गाठीभोवती द्रव भरण्याचा, हे ही चाचणी वेगळं करत नाही. आणि सोडियमचे मार्ग बंद झाले म्हणून पेशी सुटून पळाल्या नाहीत, हे स्पष्टीकरण प्रयोगशाळेतल्या कामावरून मांडलेलं आहे, रुग्णांत मोजलेलं नाही. परिणाम मोजला गेला, कारण अजून नाही. आपल्या प्रबंधांत नेमकं उलट असतं, कारण छापलेलं असतं आणि परिणाम मोजलेला नसतो.

'हे सगळं ठीक आहे, पण आमच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वेळेवर येत नाही,' असं तुम्ही मनात म्हणत असाल. मान्य. मॅट्रिजेल महाग आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापुढे हात जोडायची गरजही नाही. ते उंदराच्या सार्कोमातून काढलेलं मिश्रण आहे, दर बॅचला थोडं वेगळं. तळाला दीड टक्का अ‍ॅगरोजचा थर दिला की बऱ्याच जातींच्या पेशींना चिकटायला जागा मिळत नाही आणि त्या आपसांत धरून गोळा करतात. अ‍ॅगरोज तुमच्याकडे डीएनए चालवायला असतंच. कोलॅजेन उंदराच्या शेपटीतून कॉलेजच्या प्रयोगशाळेतही काढता येतं, परवानगीचे कागद मात्र नीट करा. फायब्रोब्लास्ट पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहात विचारा. मिळाले तर ते वाढवून त्यांचं वापरलेलं माध्यम कॅन्सरच्या पेशींना द्यायचं आणि आयसी-५० किती सरकतो बघायचं, इतकं केलंत तरी तुम्ही परिसराला एक खरा प्रश्न विचारलेला असेल. एकच घटक बदला. कडकपणा बदललात तर कोलॅजेनचं प्रमाणही नकळत बदलतं, तेव्हा तेवढं जपा.

आणि काहीच जमलं नाही, फक्त प्लेट आणि एमटीटीच हाती असेल, तरी हरकत नाही. प्लेटमधला प्रयोग खोटा नसतो, शेवटचं वाक्य खोटं असतं. 'ह्या माध्यमात, प्लास्टिकवर, ४८ तासांत, ह्या जिभेच्या पेशींचा चयापचय अर्ध्यावर आला' असं लिहा. वाक्य लांबेल आणि स्टेटसला ठेवण्यासारखं राहणार नाही. तुमच्या गाइड म्हणतील, असं लिहिलं तर पेपर कोण घेणार? माझ्या म्हणाल्या होत्या. मग आम्ही अर्धा तास वाद घातला आणि ते वाक्य राहिलं.

मित्राने सुपारी सोडून आता चौथं वर्ष चालू आहे. मधे एकदा परत लागली होती, ते तो स्वतःच सांगतो. तोंडाचे व्यायाम करतो, दर काही महिन्यांनी मुंबईला तपासून येतो, गालात एक पांढरा चट्टा आहे त्यावर डॉक्टरांचं लक्ष आहे. मागच्या रविवारी बदलापूरला भेटलो. मी काय करतोय ते त्याला साधारण माहीत असतं. म्हणाला, "मग, आता कशावर बसवल्यास पेशी?"

"कोलॅजेनवर."

"माझ्या गालासारख्या?"

"नाही रे. ते अजून फार मऊ आहे."

त्याने वडापाव हातात घेतला, दाबला, आणि म्हणाला, "कडक कर मग."